चौघी गाईपर्यंत

लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाला सोडवायचं असेल तर दाराशी झटापट करायची नाही, हे आमच्या इमारतीत शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. कारण पाचव्या मजल्यावर लिफ्टमास्तर राहतात आणि जिन्यात भेटलेल्या प्रत्येकाला त्यांनी हे एकदा तरी समजावलेलं आहे. दार ओढून काही होत नाही. वर गच्चीवरच्या मशिनरूममध्ये जायचं, वीज बंद करायची, ब्रेक सैल करायचा आणि ते मोठं चाक हातानं, सावकाश फिरवत पिंजरा मजल्याशी आणून टेकवायचा. तोवर आतल्यांना एवढंच सांगायचं, "दार ढकलू नका, सगळे मधोमध उभे राहा, मी आलोय."

चौतीस वर्षं त्यांनी हे काम केलं. परीक्षेला निघालेली मुलं सोडवली, ऑपरेशनला निघालेले डॉक्टर सोडवले. एकदा एकमेकांवर फिर्याद लावलेले दोन सख्खे भाऊ कोर्टाच्याच लिफ्टमधून सोडवले. बाहेर आल्यावर त्यांनी फिर्याद मागे घेतली म्हणतात. म्हणजे लिफ्टमास्तरच म्हणतात.

असा हा माणूस निवृत्त झाला आणि वर्षाच्या आत स्वतःच्याच घरात अडकला. तेही स्वतःच्या सहीनं.

झालं असं की एक दिवस त्यांच्या दारात एक गोड बोलणारा माणूस उभा राहिला. इस्त्रीचा शर्ट, हातात फाइल. टीव्हीवर मालिका काढणाऱ्या कंपनीचा निर्माता. त्यानं पुढच्या खोलीत पाऊल टाकलं, तो मरून रंगाचा सोफा पाहिला, खिडकीजवळची वेताची खुर्ची पाहिली, भिंतीचा उडालेला पिस्ता रंग पाहिला आणि हात जोडले. "असं घर मुद्दाम बनवून मिळत नाही हो," तो म्हणाला. लिफ्टमास्तरांना वाटलं कौतुक चाललंय. बायकोला मात्र लगेच कळलं की रंग लावायला हवा होता असं म्हणतोय.

मग त्यानं गोष्ट सांगितली. सत्तावीस वर्षांपूर्वी चार मुलींचा 'झुळूक' नावाचा पॉप ग्रुप होता. चमकीचे कपडे, एकसारखे केस, एक गाणं घराघरांत. मग भांडल्या, चौघींची चार तोंडं चार दिशांना. आता पन्नाशी उलटल्यावर पुन्हा एकत्र येतात. विनोदी मालिका आहे, ग्रुप सगळा लेखकाच्या डोक्यातला. त्यातल्या एकीच्या घरी तालमी होतात, ते घर हे. शेवटी चौघी मिळून गाणं गातात. खेळ खलास.

"किती दिवस?" लिफ्टमास्तरांनी विचारलं.

"फक्त पंधरा दिवस."

तेव्हापासून इमारतीत त्याचं नाव पंधरादिवस पडलं ते पडलंच.

करार चार पानी होता. लिफ्टमास्तरांच्या बायकोनं तो आधी वाचला. आम्ही त्यांना ऑपरेटरबाई म्हणतो, कारण टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं त्यांनी आख्ख्या शहराला 'कृपया प्रतीक्षा करा' असं सांगितलं आणि त्यांच्या आवाजात ते ऐकून लोक खरोखर थांबायचे. बाईंनी तिसऱ्या पानावर बोट ठेवलं. तिथं लिहिलं होतं की चौघी एकत्र गातात तो प्रसंग चित्रित होईपर्यंत पुढची खोली कंपनीच्या ताब्यात राहील.

"आणि नाहीच गायल्या तर?" बाईंनी विचारलं.

"अगं, गाणाऱ्या बायका गाणार नाहीत तर काय भांडी घासणार?" असं म्हणून लिफ्टमास्तरांनी सही ठोकली. चष्मा कपाळावर होता.

नाही गायल्या. पहिल्या आठवड्यात गाणार होत्या, तर मधल्या जागी कोण उभं राहणार यावरून फाटलं. दुसऱ्या आठवड्यात गाणार होत्या, तर एकीचे जुने चमकीचे कपडे अंगात अडकले ते कात्रीनं कापून काढावे लागले. लोक हसून हसून लोळले. प्रत्येक भागात चौघी ओळीनं उभ्या राहणार, तोंडं उघडणार आणि नेमकं तेव्हाच काहीतरी कडमडणार. आता गातील, मग गातील म्हणून सगळं शहर टीव्हीसमोर. पंधरादिवस काही दूधखुळा नव्हता. लोक गाणं ऐकायला नाही, गाण्याची वाट बघायला बसतात हे त्याला महिन्याभरातच उमगलं. ओसरी मिळाली होती, आता हातपाय पसरले.

या गोष्टीला तिसरं वर्ष सरत आलं होतं.

त्या घराची रचना अशी की आत स्वयंपाकघर, त्याला लागून मागची खोली आणि संडास-बाथरूम पुढच्या खोलीच्या पलीकडे. म्हणजे शूटिंग चालू असेल तर मागच्यांनी पलीकडे जायचं नाही. बोळाच्या तोंडाशी एक लाल दिवा लावला होता. तो लागला की हाताची घडी, तोंडावर बोट. लिफ्टमास्तर सकाळचा चहा अर्धा कप करून प्यायला शिकले. खोकला आला तर उशीत तोंड खुपसून खोकायला शिकले. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच, फक्त इथं तोंडही आपणच दाबायचं.

आणि त्याहून वाईट म्हणजे जैसेथे. ही एक तरतरीत पोरगी, गळ्यात कॅमेरा, हातात जाड वही. तिचं काम एकच: काल जे जिथं होतं ते आज तिथंच आहे की नाही ते बघणं. गोष्टीत तीन वर्षांत जेमतेम तीन आठवडे सरले होते, त्यामुळे भिंतीवरचं कॅलेंडर उलटायचं नाही. घड्याळ चार वाजून दहा मिनिटांवर थांबवलेलं, ते तसंच. सोफ्याच्या पायांभोवती, टेबलाच्या पायांभोवती, वेताच्या खुर्चीभोवती जमिनीवर पांढऱ्या पट्ट्या चिकटवलेल्या. उशीचं टोक वळलं तरी जैसेथे वही उघडून म्हणायची, "काका, ही काल डावीकडे बघत होती."

"उशी बघते?"

"आमच्याकडे बघते."

ऑपरेटरबाईंनी हे पहिलं वर्षभर सोसलं. निवृत्त झाल्यावर त्यांनी आयुष्यात एकच चैन ठरवली होती. सकाळी त्या वेताच्या खुर्चीत, खिडकीजवळ, कुणालाही प्रतीक्षा करायला न सांगता चहा प्यायचा. ती खुर्ची पट्ट्यांच्या आत गेली. मग खिडकीतल्या त्यांच्या मनीप्लांटला नवीन पानं फुटली. जैसेथेनं फोटो काढून मोजलं, चार पानं जास्त भरली. दुसऱ्या दिवशी मनीप्लांट बोळात आणि खिडकीत तस्साच प्लास्टिकचा.

"वाढला म्हणून काढला?" बाईंनी विचारलं.

"हो ना मावशी. दिसतं ते."

बाईंनी बोळातली कुंडी उचलली, सुटकेस भरली आणि चार रस्ते पलीकडे बहिणीकडे निघाल्या. लाल दिवा लागलेला होता. त्या शूटिंगच्या मधून, चौघींच्या समोरून, कुंडी कडेवर घेऊन गेल्या. तो प्रसंग पुन्हा करावा लागला म्हणतात. दारात थांबून नवऱ्याला म्हणाल्या, "त्या चौघी गायल्या की फोन करा."

"अगं, पण..."

"मला या घरात वस्तूहून खालची म्हणून राहायचं नाहीये. वस्तूंची तरी इथं विचारपूस होते."

तेव्हापासून रोज संध्याकाळी सहाला, कंपनीची गाडी गेली की लिफ्टमास्तर बाईंच्या बहिणीच्या घरी फोन लावायचे, तोही स्पीकरवर. पलीकडून एकच शब्द.

"गायल्या?"

"नाही."

"बरं."

आणि फोन ठेवल्याचा आवाज. आम्ही शेजारी, मधली भिंत एका विटेची आहे. आम्ही काही कान लावून बसत नाही, पण कान काढून तरी कुठं ठेवणार? दोन वर्षं हे संभाषण ऐकलं. नवरा-बायकोत एवढंसं बोलणं असूनही कधी चुकलं नाही, हे सांगायला हवं.

मग एका संध्याकाळी 'बरं' आलं नाही.

"ताई घर सोडतेय," ऑपरेटरबाई म्हणाल्या. "मुलाकडे जातेय, दुसऱ्या गावी. कपाटं विकायला काढलीत. तीस तारखेला ट्रक येणार."

"आणि तू?"

"मी तिथं कशी राहू? घर रिकामं होतंय. मीही जाईन तिच्याबरोबर."

"कधी परत?"

"ते तुमच्या चौघींना विचारा," बाई म्हणाल्या. "तिकडे रोज फोन नका करू. लांबचा पडतो. आणि ताईच्या सुनेला नाही आवडायचं, रोज सहाला 'नाही' ऐकायला."

त्या दिवशी आठ तारीख होती. भिंतीवरच्या कॅलेंडरात मात्र तीन वर्षांपूर्वीचा महिना लटकत होता.

बावीस दिवसांत चौघींना गायला लावायचं. माणूस घाबरला की शिकलेलं विसरतो. चौतीस वर्षं लोकांना दार ओढू नका म्हणणारे लिफ्टमास्तर आधी दारच ओढायला लागले. दुपारी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी चौघींना गाठलं. चौघी सोफ्यावर, कपड्यांवर टॉवेल पसरून जेवत होत्या.

"एकदा गाऊन टाका ना," ते म्हणाले. "तीन मिनिटांचं तर गाणं."

ग्रुपमधल्या थोरलीचं काम करणारी नटी होती, तिनं डब्याचं झाकण लावलं. "मास्तर, गायलो की दुसऱ्या दिवशी आम्ही घरी. या वयात मला परत काम कोण देणार? आई म्हणून घेतात, ती पण आजारी. तिसऱ्या भागात फोटोला हार."

"मला तर फोटोच देतात, हार पण स्वस्तातला," चष्मेवाली म्हणाली.

"तुम्हाला गावंसंच वाटत नाही?"

धाकटी, म्हणजे बावन्न वर्षांची, हळूच म्हणाली, "तीन वर्षं तोंड उघडून मिटतोय, मास्तर. घरी आंघोळीतसुद्धा पहिला सूर लावते नि थांबते. कोणीतरी कट म्हणेल असं वाटतं."

म्हणजे ह्याही अडकलेल्या. लिफ्टमास्तर तिथून उठले ते पंधरादिवसकडे गेले. तो म्हणाला, "काका, लोकांचं प्रेम आहे हो. प्रेमाला तारीख असते का?" एवढं बोलून त्यानं पुढच्या दोन वर्षांचा आराखडा फाइलीत सरकवला. पण आराखडा जाडजूड होता, लिफ्टमास्तरांना दिसायचा तो दिसला.

अठरा तारखेला ते गच्चीवर गेले. मशिनरूमची किल्ली अजून त्यांच्याकडेच असते, महिन्यातून एकदा यंत्राला तेलपाणी करतात, इमारतीचे सेक्रेटरी तेवढंच काम फुकटात करून घेतात. मशिनरूमच्या सावलीत मालिकेचा लेखक बसला होता. काडीपैलवान, पोटाचा विकार, दातांत पेन्सिल. आमच्या इमारतीत लपायला दुसरी जागाच नाही, म्हणून तो दर गुरुवारी इथंच सापडतो.

लिफ्टमास्तर तेलाची बुधली घेऊन उभे राहिले आणि त्यांच्या डोक्यात लख्ख झालं. दार ओढायचं नाही. वर जायचं. चाक वर आहे.

"शेवट लिहा की हो," ते म्हणाले.

लेखकानं पिशवीतून कागदांची एक सुरळी काढली. कोपरे झिजलेले. "पहिल्याच वर्षी लिहिलाय. सात वेळा दिला, सात वेळा परत आला. दर वेळी एकच शेरा. या चौघी गातील हे पटत नाही, म्हणे. एवढं भांडून झाल्यावर गायला काहीतरी कारण हवं. मला नाही सुचत." पेन्सिल चावत तो पुढं म्हणाला, "मलाही जायचंय हो इथून. एक गंभीर नाटक आहे डोक्यात."

"कारण कशाला हवं?" लिफ्टमास्तर पायरीवर टेकले. "माणसं अडकली की गातात. मी काय आज बघतोय? पहिली पाच मिनिटं दार बडवतात. मग मला शिव्या घालतात. मग एकमेकांना. कुणी जास्त बटणं दाबली, कुणाचं वजन जास्त. मग अर्धा तास कोणी बोलत नाही. आणि चाळीस मिनिटांच्या सुमाराला आतून कोणीतरी गुणगुणायला लागतं. बँकेचे साहेब गायलेत. ते दोन भाऊ गायलेत, फिर्यादवाले. मी चाक फिरवताना वरून ऐकलंय."

लेखकाच्या दातांतून पेन्सिल पडली. "चाळीस मिनिटं?"

"बेचाळीस धरा."

तीन दिवसांत नवा भाग तयार झाला. चौघी कार्यक्रमाला निघाल्यात, लिफ्ट बंद पडते, भांडतात, गप्प होतात, गातात. आणि आश्चर्य म्हणजे पंधरादिवसनं तो लगेच मंजूर केला. खरी लिफ्ट हवी म्हणून तो आमच्या सेक्रेटरींकडे गेला, हात जोडले, अशी लिफ्ट मुद्दाम बनवून मिळत नाही असं म्हणाला. पंचवीस तारीख ठरली.

लिफ्टमधल्या स्पीकरवर एक बाईचा आवाज हवा होता, धीर देणारा. लिफ्टमास्तरांनी सहा वाजायच्या आधीच फोन लावला.

"गायल्या?"

"पंचवीसला गाणार. पण तुझ्याशिवाय नाही."

मग बाई म्हणाल्या, "रिक्षेचं भाडं कंपनी देणार असेल तर येते."

पंचवीसला सकाळी ऑपरेटरबाई लिफ्टनं पाचव्या मजल्यावर आल्या. दोन वर्षांनी. पुढच्या खोलीत डोकावल्या, चार वाजून दहा मिनिटं झालेली पाहिली, आणि तडक गच्चीचा जिना चढल्या. मशिनरूममध्ये त्यांना स्टुलावर बसवलं, पुढ्यात माइक. लिफ्टच्या कोपऱ्यात काडेपेटीएवढा कॅमेरा चिकटवलेला. चौघी चमकीच्या कपड्यांत आत शिरल्या, दिग्दर्शक खालच्या मजल्यावर पडद्यासमोर बसला.

तेवढ्यात लेखक धापा टाकत वर आला. चेहरा पिठासारखा.

"शेवटचं पान काल बदललं," तो म्हणाला. "चौघी तोंड उघडणार तेवढ्यात लिफ्ट सुरू होते. गाणं नाही."

ऑपरेटरबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. पर्स मांडीवर घेतली, निघायचं असलं की घेतात तशी.

लिफ्टमास्तरांनी चाकावर हात ठेवला. "लिफ्ट सुरू कोण करणार आहे?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही."

"हं," ते म्हणाले.

पिंजरा चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मधे आणून थांबवला. प्रसंग सुरू झाला. चौघी लिहिलेलं भांडल्या, ठरल्यासारखं गप्प झाल्या, ओळीनं उभ्या राहिल्या, तोंडं उघडली, आणि लिफ्ट सुरू झाली नाही. तोंडं मिटली. दिग्दर्शकानं खालून हाक दिली. लिफ्टमास्तर वरून ओरडले, "ब्रेक अडकलाय."

चौतीस वर्षांत हे वाक्य त्यांनी शेकडो वेळा उच्चारलं होतं. खोटं पहिल्यांदाच. खाली चार बायका, त्यातल्या एकीला रक्तदाबाची गोळी चालू, आणि आपण चाक धरून उभे. आयुष्यभर ज्याच्यासाठी लोकांचे आशीर्वाद घेतले त्याच्या बरोबर उलट. त्यांनी एकदा चाक सोडायलाही घेतलं. पण पर्स मांडीवर होती.

"बाईसाहेब," ते बायकोला म्हणाले, "त्यांना सांग."

ऑपरेटरबाईंनी माइक ओढला. "दार ढकलू नका," त्या म्हणाल्या. "पंखा चालू आहे, हवा भरपूर आहे. सगळ्या मधोमध उभ्या राहा. आम्ही इथंच आहोत. कृपया प्रतीक्षा करा." एक्स्चेंजमधला तोच आवाज. खाली दार बडवणं थांबलं.

मग सगळं शिकवल्यासारखं झालं, पण कोणी शिकवलेलं नव्हतं. आधी लिफ्टमास्तरांना शिव्या. मग खरं भांडण. मोठा मेकअपचा आरसा कोणाला, थोरली दर वेळी मधे का, चष्मेवालीनं कोणाचं काम कोणाच्या पाठीमागे मागितलं. दिग्दर्शकानं कॅमेरा बंद करू दिला नाही, असलं भांडण लिहून मिळत नाही. मग शांतता. बाई दर पाच मिनिटांनी विचारायच्या, "बऱ्या आहात ना?" आणि चारी आवाज 'हो' म्हणायचे, रक्तदाबवाली सगळ्यात आधी. लेखक घड्याळाकडे बघत नखं खात होता.

एकेचाळीसाव्या मिनिटाला धाकटीनं पहिला सूर लावला.

लावला आणि थांबली, सवयीनं. कोणी कट म्हणालं नाही. मग पुढं गेली. थोरली दुसऱ्या ओळीला मिळाली, चौथ्या ओळीला चौघी. सूर काही फार जुळले नव्हते. चष्मेवाली शब्द विसरली तिथं थोरलीनं तिच्या पाठीवर थापटून सांगितले. लिफ्टच्या पोकळीतून तो आवाज वर आला, प्रत्येक मजल्यावरची दारं उघडली, आणि आम्ही सगळे जाळीला नाक लावून उभे. तीन वर्षं वाट बघितलेलं गाणं चांगलं की वाईट हे कोणाला कळलंच नाही. संपल्यावर चौघी रडत होत्या आणि एकमेकींना काजळ पुसायला रुमाल देत होत्या.

"आता आणा खाली त्यांना," ऑपरेटरबाई म्हणाल्या. लिफ्टमास्तर सावकाश चाक फिरवायला लागले. पिंजरा मजल्याला टेकेपर्यंत त्या त्यांच्या हातांकडे बघत होत्या. "ब्रेक खरंच अडकला होता?"

त्यांनी फडक्याला हात पुसले, बराच वेळ पुसत राहिले.

"तुम्हाला खोटं बोलता येतं हे मला माहीत नव्हतं," बाई म्हणाल्या आणि पर्स खुंटीला अडकवली.

पंधरादिवस तणतणत आला. हा प्रसंग दाखवणारच नाही म्हणाला. ऑपरेटरबाईंनी त्याच्यापुढं करार धरला, तिसरं पान, बोट ठेवून. "दाखवेपर्यंत नाही, चित्रित होईपर्यंत लिहिलंय. झालं चित्रित. सोफा आमचा आहे, बाकीचं उचला. मी माझी खुर्ची पट्ट्यांतून सुटलेली बघते नि मग ताईकडे जाते."

संध्याकाळपर्यंत खोली रिकामी झाली. जैसेथे गुडघ्यांवर बसून पट्ट्या खरवडत होती. डोळे भरलेले. खिडकीतला प्लास्टिकचा मनीप्लांट तिनं काढला आणि विचारलं, "मावशी, हा मी ठेवू का?"

"ठेव. निदान तुझ्याकडे वाढणार नाही."

इथं गोष्ट सुफळ संपूर्ण व्हायची, पण आमचं नशीब आडवं आलं. पंधरादिवसनं रात्री जेवायच्या आधी ते चित्रण पुन्हा पाहिलं आणि त्याला रडू आलं. मग हिशोबही आला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो सेक्रेटरींच्या दारात हात जोडून. मालिका आता लिफ्टमध्येच चालणार. चौघी गायला लागल्यात, पण बाहेर निघत नाहीत. सेक्रेटरींनी चष्मा कपाळावर ठेवून सही केली. फक्त पंधरा दिवस.

तेव्हापासून लिफ्ट चौथ्या आणि पाचव्याच्या मधे उभी आहे. आतल्या जमिनीवर पांढऱ्या पट्ट्या आहेत, जैसेथेची वही नवीन आहे. ट्रक तीस तारखेला येऊन ताईला घेऊन गेला. ऑपरेटरबाई गेल्या नाहीत. पाच मजले उतरायचे म्हणजे गुडघे, त्या म्हणाल्या, डॉक्टरांनी जिन्याला सक्त मनाई केलीय. कोणत्या डॉक्टरांनी, ते कोणी विचारलं नाही. त्या दिवशी गच्चीचा जिना त्या दोन-दोन पायऱ्या एकदम घेत चढल्या होत्या, हे आम्ही सगळ्यांनी पाहिलं होतं. लिफ्टमास्तरांनी तर अगदी जवळून. ताईनं जाता जाता ट्रकमधून कुंडी इमारतीच्या दारात उतरवली, ती मात्र आम्हाला वर वाहावी लागली.

आज चौदावा महिना. आम्ही पिशव्या घेऊन जिना चढतो, तिसऱ्या मजल्यावर बसतो, चौथ्यावर सेक्रेटरींच्या सात पिढ्यांची आठवण काढतो. लिफ्टमास्तर भेटले की कोणीतरी म्हणतंच, "मास्तर, तुम्ही मनावर घेतलंत तर दहा मिनिटांचं काम. चाक फिरवायचं नि पिंजरा खाली."

"करार आहे," ते म्हणतात, चेहरा अगदी सरळ ठेवून. किल्ली त्यांच्या दारामागच्या खिळ्यावर असते. आम्ही रोज बघतो. अलीकडे तिच्यावर धूळ बसलीय.

सहाला ते बाजारातून वर येतात, धापा टाकत. घड्याळ आता बरोबर चालतं. वेताची खुर्ची खिडकीजवळ, जुन्या पट्ट्यांच्या डागांपासून हातभर बाजूला. मनीप्लांट पडद्याच्या दांडीपर्यंत पोचलाय. आतून आवाज येतो.

"सुरू झाली का हो लिफ्ट?"

"नाही गं."

"बरं," ऑपरेटरबाई म्हणतात आणि चहाचा दुसरा कप त्यांच्याकडे सरकवतात.